बुलेट फीडर

बुलेट फीडर हे काडतुसे भरण्याच्या प्रोग्रेसिव्ह प्रेस या यंत्रावर बसवायचे पूरक उपकरण आहे. सुट्या गोळ्यांच्या राशीतून एकेक गोळी उचलणे, तिचे बूड खाली व टोक वर येईल अशा रीतीने तिला वळवणे आणि दारू भरलेल्या पुंगळीच्या तोंडावर ती ठेवणे, एवढेच त्याचे कार्य होय. हे उपकरण नसल्यास यंत्र चालवणारी व्यक्ती तेच काम हाताने करते. ज्या देशांत नेमबाजांना स्वतःची काडतुसे स्वतः भरण्याची मुभा आहे, तेथे, विशेषतः अमेरिकेत आणि युरोपातील काही देशांत, हे उपकरण प्रचलित आहे.

भारतात परवान्याशिवाय काडतूस तयार करणे हा गंभीर गुन्हा असून, काडतूस बनवण्याचे यंत्रसुद्धा शस्त्र कायद्याच्या कक्षेत येते. महाराष्ट्रात बंदुकीची काडतुसे बनवण्याचे काम पुण्याजवळील खडकी आणि जळगाव जिल्ह्यातील वरणगाव येथील सरकारी कारखान्यांत चालते.

संज्ञा

मराठीत 'गोळी' हा शब्द सैल वापरला जातो. बंदुकीत भरतो तीही गोळी आणि नळीतून सुटते तीही गोळी. या लेखात मात्र गोळी म्हणजे फक्त नळीतून सुटणारा शिशाचा, किंवा शिशावर तांब्याचे आवरण असलेला, तुकडा. संपूर्ण वस्तूला काडतूस म्हटले आहे. काडतुसाचे भाग चार : पितळेची पुंगळी, तिच्या बुडात बसणारा प्रायमर, आतली दारू आणि तोंडावर बसवलेली गोळी. 'पुंगळी' हा शब्द पोलीस पंचनाम्यांमुळे आणि वृत्तपत्रांमुळे सर्वांच्या परिचयाचा आहे.

'काडतूस' हा शब्द पोर्तुगिजांकडून मराठीत आला. 'पिस्तूल'ही त्याच वाटेने आलेला. त्याआधीची आणि नंतरही खेड्यापाड्यांत टिकून राहिलेली ठासणीची बंदूक काडतूस जाणत नव्हती. तिच्यात दारू, चिंधी आणि छर्रे वेगवेगळे ठासावे लागत. या क्रियेला 'बार भरणे' म्हणत आणि 'बार फुसका निघणे' हा वाक्प्रचार तिथूनच रूढ झाला. काडतुसाने हा सगळा बार एका पुंगळीत बंद केला आणि भरण्याचे काम बंदूकधाऱ्याच्या हातून कारखान्याकडे गेले. वापरलेली पुंगळी पुन्हा भरणे म्हणजे ते काम काही अंशी परत स्वतःच्या हाती घेणे होय.

पार्श्वभूमी

काडतुसाच्या चार भागांपैकी प्रायमर, दारू आणि गोळी एकदाच उपयोगी पडतात. पितळेची पुंगळी मात्र अनेकदा वापरता येते. ती सर्वांत महागही असते. पुनर्भरणाचे सारे अर्थकारण या एका गोष्टीवर उभे आहे.

साध्या प्रेसवर एका वेळी एकच क्रिया होते. शंभर पुंगळ्यांचे जुने प्रायमर काढायचे, मग डाय बदलून पुढची क्रिया करायची, असे चालते. प्रोग्रेसिव्ह प्रेसमध्ये अनेक डाय एका चकतीवर गोलाकार बसवलेले असतात. त्यांच्या खाली पुंगळ्या धरणारी दुसरी चकती असते आणि दांड्याच्या प्रत्येक ओढीबरोबर प्रत्येक पुंगळी एक स्टेशन पुढे सरकते. सर्व स्टेशने भरली की प्रत्येक ओढीला एक पूर्ण काडतूस बाहेर पडते. अशी यंत्रे 1930 च्या दशकापासून अमेरिकेत मिळत होती, परंतु ती सामान्य नेमबाजाच्या आवाक्यात 1980 च्या दशकात आली. डिलन प्रिसिजन या कंपनीचा यात मोठा वाटा आहे. हॉर्नडी, आरसीबीएस आणि ली प्रिसिजन या कंपन्यांचे प्रेसही प्रसिद्ध आहेत. 1976 मध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय प्रॅक्टिकल शूटिंग महासंघाच्या स्पर्धांमुळे पिस्तुलाच्या काडतुसांची मागणी वाढली. या प्रकारात गंभीरपणे सराव करणारा नेमबाज वर्षाला हजारो काडतुसे झाडतो.

पहिल्यांदा यांत्रिक झाला तो पुंगळ्यांचा पुरवठा. त्यानंतर हाताने करावयाचे एकच काम उरले, ते म्हणजे गोळी ठेवण्याचे. बुलेट फीडर त्या उरलेल्या कामासाठी आला.

रचना व कार्य

बहुतेक फीडरचे तीन भाग असतात. वरच्या हॉपरमध्ये गोळ्या ओतल्या जातात. हॉपरच्या तळाशी तिरपी, खाचा असलेली चकती छोट्या विद्युत मोटरने सावकाश फिरते. खाचेत गोळी कशीही पडू शकते, बूड पुढे किंवा टोक पुढे. गोळीचे बूड रुंद व सपाट आणि टोक निमुळते असते. या फरकाचा उपयोग करून चकतीच्या वरच्या कडेला चुकीच्या बाजूने आलेली गोळी उलटवली जाते व बरोबर आलेली तशीच पुढे जाते. तांदूळ पाखडताना सुपाच्या ठरावीक हेलकाव्याने खडे एका बाजूला यावेत, तशीच ही करामत आहे. यंत्राला गोळी दिसत नाही, तिचा आकारच तिला वळवतो.

तेथून गोळ्या स्प्रिंगच्या लवचिक नळीतून एकीवर एक रचल्या जातात. नळी भरली की एक लहान स्विच मोटर थांबवतो आणि चार गोळ्या कमी झाल्या की पुन्हा सुरू करतो.

तिसरा भाग म्हणजे गोळी सोडणारा डाय. हा प्रेसच्या एका स्टेशनवर बसतो. त्याच्या आत छोट्या पोलादी गोट्या किंवा फाकणारी पकड असते, जी गोळ्यांची उतरंड अडवून धरते. खालून पुंगळी वर आली की तिचे तोंड आतल्या बाहीला वर ढकलते. त्यामुळे सर्वांत खालची गोळी सुटून पुंगळीच्या तोंडावर बसते आणि तिच्या वरची गोळी अडून राहते. पुंगळी नसेल तर गोळी सुटत नाही. उत्तम फीडरची ही पहिली खूण मानावी.

नेदरलँड्समधील डबल-अल्फा कंपनीचा मिस्टर बुलेटफीडर, हॉर्नडीचा आणि आरसीबीएसचा फीडर हे या मोटरच्या जातीचे आहेत. ली प्रिसिजनचा स्वस्त फीडर मोटरविना चालतो. त्यात गोळ्या उभ्या नळ्यांमध्ये हातानेच योग्य दिशेने भरून ठेवाव्या लागतात. अलीकडे त्रिमितीय मुद्रकावर छापलेले प्लॅस्टिकचे हॉपरही हौशी लोक बनवतात. त्यांचा दर्जा बनवणाऱ्याच्या हातावर अवलंबून असतो.

निवड

फीडर निवडताना ग्राहक बहुधा वेगाचा आकडा पाहतो. वस्तुतः वेग हा या निवडीतील दुय्यम प्रश्न आहे. पहिला प्रश्न प्रेसवर किती स्टेशने आहेत आणि फीडर आल्यावर त्यांपैकी कोणते काम बाहेर जाणार, हा आहे.

हाताने गोळी ठेवणारा माणूस ती ठेवताना पुंगळीच्या तोंडाकडे पाहतो. त्या क्षणी आत दारू आहे की नाही, नेहमीपेक्षा जास्त तर नाही, हे त्याच्या नजरेस पडते. कोणी त्याला तपासणी म्हणत नाही, कोणत्याही पुस्तिकेत तिला वेगळे स्टेशन दिलेले नसते. पण हजार काडतुसे भरताना ती हजार वेळा घडते. फीडर बसवला की हात मोकळा होतो आणि हाताबरोबर नजरही जाते. म्हणून फीडर घेणाऱ्याने त्या हरवलेल्या नजरेच्या जागी काय ठेवणार, याचा विचार आधी करावा लागतो.

तिच्या जागी ठेवता येते ते दारू तपासणारे उपकरण. ते तीन प्रकारचे असते. एकात दारूच्या पातळीनुसार वर-खाली होणारी कांडी असते आणि ती पाहावी लागते. हॉर्नडीचा पावडर कॉप असा आहे. दुसऱ्यात पातळी चुकली की भोंगा वाजतो. डिलनचे उपकरण या पद्धतीचे. तिसऱ्यात यंत्रच अडते, दांडा पुढे जात नाही. आरसीबीएसचा लॉक-आउट डाय असा आहे. ज्याने नजर काढून घेतली आहे, त्याने पुन्हा नजरेवरच अवलंबणारी कांडी निवडणे तर्काला धरून नाही. भोंगा बरा, अडणारा डाय अधिक बरा. मात्र ही उपकरणे दुप्पट दारू व रिकामी पुंगळी ओळखण्यासाठी आहेत. दारूतील थोडा फरक त्यांना कळत नाही.

आता स्टेशनांचा हिशेब. पाच स्टेशनांच्या प्रेसवर (डिलनचे 650 व 750, हॉर्नडीचा लॉक-एन-लोड एपी) फीडरविना मांडणी साधारण अशी असते : पहिल्यावर पुंगळीचा जुना प्रायमर काढून तिला मूळ मापावर आणणे, दुसऱ्यावर दारू टाकणे व तोंड किंचित रुंदावणे, तिसऱ्यावर दारूची तपासणी, चौथ्यावर गोळी दाबून बसवणे, पाचव्यावर पुंगळीचे तोंड गोळीभोवती आवळणे. नवा प्रायमर बसवण्याची जागा प्रत्येक प्रेसमध्ये वेगळी असते. फीडरला स्वतःचे स्टेशन लागते, आणि पाचांपैकी एकही रिकामे नाही. मार्ग दोनच उरतात. एक तर तपासणी काढून टाकायची, नाही तर गोळी दाबणे व तोंड आवळणे ही कामे एकाच डायवर सोपवायची.

दुसरा मार्ग स्वीकारावा. त्यातही अडचण आहेच. एकाच डायमध्ये गोळी खाली सरकत असतानाच तोंड आवळले जाऊ लागते. त्यामुळे मऊ शिशाच्या किंवा पातळ तांब्याच्या मुलाम्याच्या गोळीची कड सोलली जाऊ शकते. जाड आवरणाच्या गोळीला हा त्रास फारसा होत नाही आणि डाय शांतपणे जुळवला तर मुलाम्याच्या गोळीचेही निभते. पहिल्या मार्गातील धोका मात्र बंदूक फुटण्याचा आहे. दोन धोक्यांची ही बरोबरी होऊ शकत नाही, तरीही पुष्कळ लोक तपासणीचे स्टेशन फीडरला देतात, कारण तपासणी हजारदा निरुपयोगी वाटते आणि फीडर प्रत्येक ओढीला उपयोगी दिसतो.

चार स्टेशनांच्या व हाताने फिरवायच्या प्रेसवर (उदा. डिलनचा 550) फीडर बसवता येतो, पण तपासणीला जागा राहत नाही. अशा यंत्रावर, जेथे प्रत्येक पुंगळी हातानेच पुढे सरकवावी लागते, तेथे गोळीही हातानेच ठेवणे योग्य. तीन स्टेशनांच्या प्रेसचा विचारच करू नये. सहा, सात किंवा आठ स्टेशनांची यंत्रे असल्यास हा प्रश्न सुटतो. लीचा सहा, आरसीबीएसचा सात आणि डिलनचा 1050 हा आठ स्टेशनांचा प्रेस या दृष्टीने पाहिला जातो. ज्याला फीडर हवाच आहे, त्याने फीडरआधी प्रेस निवडावा.

यानंतर गोळीचा आकार. फीडरची चकती गोळीला तिच्या आकारावरूनच वळवते, म्हणून बूड व टोक यांत जेवढा फरक स्पष्ट, तेवढे काम बिनचूक. गोल टोकाची, तांब्याचे आवरण असलेली गोळी सर्वांत सोयीची. पुढून पोकळ व चपट्या टोकाची गोळी काही चकत्यांत उलटत नाही. दोन्ही बाजूंनी जवळजवळ सारखी दिसणारी, नेमबाजीच्या कागदी लक्ष्यासाठी असलेली दंडगोलाकार वॉडकटर गोळी सामान्य फीडरला ओळखता येत नाही. लांबी आणि व्यास यांचे प्रमाणही महत्त्वाचे आहे. 9 मिलिमीटर व्यासाची 147 ग्रेनची गोळी 16 मिलिमीटरहून लांब असते, 115 ग्रेनची साधारण 14 मिलिमीटर. पण त्याच व्यासाची याहून हलकी गोळी आखूड होत जाते आणि व्यासाइतकीच उंच झालेली वस्तू खाचेत आडवी राहते की उभी, याचा भरवसा उरत नाही. (ग्रेन हे जुने वजन आहे, 15.4 ग्रेन म्हणजे एक ग्रॅम.)

ओतीव शिशाच्या, मेणचट वंगण लावलेल्या गोळ्या फीडरच्या शत्रू होत. वंगण नळीत व डायमध्ये साचते, गोळ्या चिकटतात आणि दर शे-दोनशे काडतुसांमागे सफाई करावी लागते. उन्हाळ्यात हा त्रास अधिक. शिशाच्या गोळीवर भाजून चढवलेल्या रंगाचा लेप असेल तर अडचण राहत नाही. उघड्या शिशाच्या गोळ्या हॉपरमध्ये सतत एकमेकींवर घासल्याने बारीक भुकटीही निर्माण होते. शिसे विषारी असल्याने हॉपर हाताळल्यावर हात धुणे आणि त्या जागी खाणे-पिणे टाळणे आवश्यक ठरते.

रायफलच्या गोळ्यांसाठी वेगळी चकती, बहुधा वेगळा हॉपरच लागतो, कारण त्या लांब व सडपातळ असतात. त्यांपैकी होडीच्या आकाराचे निमुळते बूड असलेली गोळी पुंगळीच्या तोंडात सहज शिरते, सपाट बुडाची डुगडुगते. तथापि रायफलची काडतुसे अचूकतेसाठी थोडीच व सावकाश भरली जातात, त्यामुळे तेथे फीडरची गरज क्वचित भासते.

फीडर घेणारे ज्याकडे दुर्लक्ष करतात अशी आणखी एक बाब म्हणजे पुंगळीचे तोंड. हाताने ठेवताना गोळी तिरकी झाली तर बोट तिला सरळ करते. फीडरने ठेवलेली गोळी पुढच्या स्टेशनपर्यंत स्वतःच्या तोलावर उभी राहिली पाहिजे. त्यासाठी तोंड नुसते फाकवून चालत नाही. आत एक छोटी पायरी पडेल असा रुंदावणारा खिळा वापरतात, जेणेकरून गोळीचे बूड त्या पायरीवर टेकते. तोंड कमी उघडले तर चकती फिरताना गोळी पडते, जास्त उघडले तर पितळ लवकर चिरते आणि पुंगळी डायमध्ये अडकते. फीडर बिघडल्याच्या निम्म्याअधिक तक्रारी या खिळ्याच्या असतात असे म्हटल्यास वावगे ठरू नये. दांडा झटक्याने ओढण्याची सवय हे दुसरे कारण.

खर्चाचा विचार करताना केवळ फीडरची किंमत पाहू नये. दुसऱ्या व्यासाची काडतुसे भरायची झाल्यास चकती, डाय व खिळा बदलावा लागतो. एकाच व्यासाची हजारो काडतुसे भरणाऱ्याला हा खर्च परवडतो. चार व्यासांची थोडी थोडी भरणाऱ्याला परवडत नाही. वेगाबद्दल उत्पादक जे सांगतात (पुंगळ्यांचा स्वयंचलित पुरवठा असलेल्या पाच स्टेशनांच्या प्रेसवर तासाला 800 ते 1000 काडतुसे) ते अखंड चालणाऱ्या यंत्राचे आकडे आहेत. प्रायमरच्या नळ्या भरणे, दारू ओतणे, मधूनमधून एखादे काडतूस तराजूवर व मापात तपासणे हा वेळ त्यांत धरलेला नसतो.

चुकलेल्या काडतुसाचे परिणाम

आधुनिक पिस्तुलाच्या काडतुसात दारू इतकी थोडी लागते की ती बहुतेकदा पुंगळीचा निम्मा भागही भरत नाही. म्हणजे दुप्पट दारू पडली तरी ती आत मावते आणि वर गोळी बसली की काडतूस बाहेरून अगदी निर्दोष दिसते. ते झाडल्यावर नळीच्या मागच्या कोठ्यात मर्यादेपलीकडे दाब निर्माण होतो. पुंगळी फाटते, पिस्तुलाचा सांगाडा फुटतो, हाताची बोटे व डोळे जखमी होतात.

दारू पडलीच नाही तर धोका कमी वाटतो, पण तो फसवा आहे. एकट्या प्रायमरचा जोर गोळीला नळीत ढकलतो आणि गोळी मध्येच अडकते. आवाज बारीक येतो. वेगाने सराव करणारा नेमबाज तो न जाणवता पुढचे काडतूस झाडतो, आणि दुसरी गोळी अडकलेल्या गोळीवर आदळून नळी फुगते किंवा फुटते. प्रेसवर यातील बहुतेक चुका यंत्र अडल्यावर घडतात. काहीतरी अडकले, दांडा अर्ध्यावर परत नेला, पुंगळी मागे-पुढे केली, आणि दारूचे स्टेशन एकदा दोन वेळा चालले किंवा एकदाही चालले नाही. फीडरही अडणाऱ्या भागांपैकीच एक आहे. म्हणून अडथळा आल्यावर चकतीवरील सर्व पुंगळ्या काढून टाकून नव्याने सुरुवात करण्याचा नियम जाणकार पाळतात.

कारखान्यातील पद्धत : खडकी आणि वरणगाव

खडकीचा दारूगोळा कारखाना 1869 मध्ये सुरू झाला. देशातील जुन्या आयुध निर्माण्यांपैकी तो एक आहे. वरणगावची आयुध निर्माणी 1964 मधील. भुसावळ तालुक्यातील हा कारखाना रायफलींची काडतुसे बनवतो, त्यांत इन्सास रायफलीची 5.56 मिलिमीटरची काडतुसे येतात. 1 ऑक्टोबर 2021 रोजी आयुध निर्माणी मंडळ विसर्जित होऊन देशातील 41 कारखाने सात सरकारी कंपन्यांत विभागले गेले. हे दोन्ही कारखाने पुण्यात मुख्यालय असलेल्या म्युनिशन्स इंडिया लिमिटेडकडे आले. खडकीच्या पुंगळीच्या बुडावर 'केएफ' आणि वरणगावच्या पुंगळीवर 'ओएफव्ही' अशी रोमन अक्षरांतील खूण असते. नागरी परवानाधारकांना परिचित असलेली 12 बोअरची शक्तिमान काडतुसे खडकीचीच.

काडतूस कारखान्यात पितळेच्या पट्टीतून वाटी कापणे, ती टप्प्याटप्प्याने ओढून लांब करणे, मध्येच तापवून मऊ करणे, बूड घडवणे, प्रायमर बसवणे, दारू व गोळी भरणे आणि शेवटी मापे, वजन व दृश्य तपासणी, असा क्रम सर्वत्र असतो. गोळ्यांचा पुरवठा येथेही हॉपर आणि नळ्यांनीच होतो. आकारावरून वस्तू वळवण्याचे तत्त्व तेच. फरक तपासणीत आहे. घरगुती प्रेसवर जे काम एक भोंगा करतो, त्यासाठी कारखान्यात स्वतंत्र टप्पे आणि स्वतंत्र माणसे असतात, व उत्पादनाच्या प्रत्येक खेपेतून नमुने काढून ते झाडून पाहिले जातात.

भारतातील कायदेशीर स्थिती

शस्त्र अधिनियम, 1959 च्या कलम 5 नुसार परवान्याशिवाय कोणतेही अग्निशस्त्र किंवा दारूगोळा बनवता, विकता, बदलता वा दुरुस्त करता येत नाही. स्वसंरक्षणासाठी किंवा पीकसंरक्षणासाठी मिळालेला बंदुकीचा परवाना हा बाळगण्याचा परवाना आहे. त्यावर काडतूस तयार करता येत नाही.

याच अधिनियमाच्या कलम 2 मधील 'दारूगोळा' या संज्ञेची व्याख्या सामान्य वाचकाला चकित करणारी आहे. तिच्यात काडतुसांबरोबरच दारूगोळ्याचे सुटे भाग आणि दारूगोळा बनवण्याची यंत्रसामग्रीही अंतर्भूत आहे. कलम 10 प्रमाणे दारूगोळा परवान्याशिवाय देशात आणता येत नाही. परदेशी संकेतस्थळावर स्वयंपाकघरातील यंत्रासारखा सहज विकला जाणारा प्रेस किंवा त्याचा फीडर मागवणे हे म्हणूनच हौसेचे साधे काम राहत नाही. 2019 च्या दुरुस्तीने बेकायदा निर्मितीची शिक्षा वाढवली. पूर्वी ती तीन ते सात वर्षे कारावासाची होती; आता किमान सात वर्षे आणि कमाल जन्मठेप आहे. दारू व प्रायमर यांना स्फोटकांचे नियम, 2008 लागू होतात. त्यांची अंमलबजावणी करणाऱ्या पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटनेचे मुख्यालय नागपूर येथे आहे.

परदेशात फीडर सर्वाधिक विकला जातो तो 9 मिलिमीटरच्या काडतुसांसाठी. भारतात हा व्यास प्रतिबंधित बोअरमध्ये मोडतो आणि सर्वसामान्य नागरिकाला त्याचा परवाना मिळत नाही.

नेमबाजी क्रीडेशी संबंध

महाराष्ट्राने नेमबाजीत मोठी नावे दिली आहेत. तेजस्विनी सावंत 2010 मध्ये म्युनिक येथे 50 मीटर प्रोन प्रकारात विश्वविजेती झाली, राही सरनोबतने 2018 च्या आशियाई स्पर्धेत 25 मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक मिळवले आणि स्वप्नील कुसाळेने 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक जिंकले. तिघेही कोल्हापूर जिल्ह्यातील. हे यश पुनर्भरणाशिवाय मिळालेले आहे आणि त्याचे कारण केवळ कायदा नव्हे. या तिन्ही प्रकारांत .22 व्यासाचे रिमफायर काडतूस वापरतात. त्यात वेगळा प्रायमर नसतो. स्फोटक मिश्रण पुंगळीच्या कडेतच भरलेले असते आणि घोड्याच्या आघाताने ती कड चेपली जाते. अशी पुंगळी पुन्हा भरता येत नाही. 10 मीटर प्रकारांत हवेच्या दाबाने छर्रा सुटतो, तेथे काडतूसच नाही. ट्रॅप व स्कीटमध्ये 12 बोअरचे छर्ऱ्यांचे काडतूस असते, त्यालाही बुलेट फीडर लागू पडत नाही. ऑलिंपिकमधील एकाही नेमबाजी प्रकाराला या उपकरणाचा उपयोग नाही. ऑलिंपिकबाह्य प्रकारांपैकी 25 मीटर सेंटरफायर पिस्तूल व 300 मीटर रायफल यांची काडतुसे तत्त्वतः पुन्हा भरता येण्याजोगी आहेत.

अहिल्यानगर जिल्हा

अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीचे अहमदनगर, हे लष्करी शहर आहे. चिलखती दलाचे केंद्र व शाळा 1948 पासून येथे आहे. यांत्रिक पायदळाचे केंद्र आणि संरक्षण संशोधन संस्थेची वाहन संशोधन प्रयोगशाळाही येथेच आहे. जिल्ह्यात काडतुसे बनत नाहीत, झाडली मात्र पुष्कळ जातात. नगर, राहुरी व पारनेर तालुक्यांच्या हद्दीत पसरलेल्या के. के. रेंज या सराव क्षेत्रात रणगाड्यांच्या तोफांपासून रायफलीपर्यंत सर्व प्रकारचा मारा होतो.

लष्करात झाडलेल्या काडतुसांच्या पुंगळ्या मोजून गोळा केल्या जातात व त्यांचा हिशेब द्यावा लागतो. सराव क्षेत्रात उरलेल्या धातूची गोष्ट वेगळी आहे. तोफगोळ्यांचे तुकडे भंगार म्हणून विकले जातात आणि ते वेचताना किंवा फोडताना न फुटलेल्या दारूगोळ्याचा स्फोट होऊन आसपासच्या गावांतील माणसे दगावल्याच्या घटना घडल्या आहेत. पितळ आणि तांबे यांचा भाव हे त्यामागचे कारण. झाडलेली पुंगळी रिकामी असते. पण सराव क्षेत्रात पडलेली प्रत्येक वस्तू झाडलेलीच असेल असे बाहेरून सांगता येत नाही, आणि न झाडलेले काडतूस परवान्याशिवाय जवळ सापडणे हा स्वतंत्र गुन्हा आहे. अशी वस्तू दिसल्यास तिला हात न लावता पोलीस पाटील, पोलीस ठाणे किंवा नजीकच्या लष्करी चौकीला कळवावे.

अकोले, संगमनेर, राहुरी या भागांत उसातील बिबट्यांमुळे शेतकऱ्यांकडून बंदुकीच्या परवान्याची मागणी अधूनमधून होत असते. पीकसंरक्षणाच्या परवान्यावरील बंदुका बहुतांशी 12 बोअरच्या किंवा ठासणीच्या असतात. 12 बोअरची काडतुसे परवान्यावरील मर्यादेत अधिकृत विक्रेत्याकडून घ्यावी लागतात व प्रत्येक खरेदीची नोंद होते. बिबट्या वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 च्या पहिल्या अनुसूचीत असल्याने पीकसंरक्षणाच्या परवान्यावर त्याची शिकार करता येत नाही.

हेही पाहा : काडतूस, ठासणीची बंदूक, आयुध निर्माणी वरणगाव, खडकी, के. के. रेंज, शस्त्र अधिनियम 1959